अर्जवाले आणि तांड्यावरची खोली

सरकारी ऑफिसात माहिती मागायला गेलं की माहिती कधी मिळेल ते सांगता येत नाही. किस्सा मात्र त्याच दिवशी मिळतो, आणि त्याला फीसुद्धा लागत नाही! गेल्या काही महिन्यांत आमच्याकडं माहितीचं एक पातळ फोल्डर जमलंय आणि किश्श्यांचं भरगच्च पोतं. मैत्रिणी भेटल्या की फोल्डरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. "पोतं सोड," एवढंच म्हणतात.

तर आधी मंडळींची ओळख करून देते. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं आमचं गाव. गावात आम्हाला 'अर्जवाले' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मोठी संघटना असेल, बॅनर असेल, ऑफिस असेल. आहोत तिघं! एक मी, पॉलिटिकल सायन्स घेऊन बी.ए. झालेली आणि आईच्या मते डोक्यावर पडलेली. दुसरे नामदेवकाका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आणि तिसरी शेवंताबाई, आमच्या गावच्या तांड्यावरची अंगणवाडी सेविका. बाईचं मानधन सरकारचं, म्हणून ती कुठल्याही अर्जावर सही करत नाही आणि सभेत तोंड उघडत नाही. पण अर्ज लिहायला आम्ही बसतो तिच्याच ओट्यावर, आणि भजी तीच तळते. चळवळीला आणखी काय लागतं?

*

तांड्यावरच्या अंगणवाडीला खोली नाही. तांड्याचे नायक गोविंदकाका, त्यांच्या पत्र्याच्या सपरात ती भरते. अर्ध्या सपरात लेकरं, अर्ध्यात शेळ्या. लेकरं बाईला 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. सपराला भिंत नसल्यामुळं चित्रांचा तक्ता बाई दोरीवर टाकते, वाळत घातल्यासारखा, चिमटे लावून.

एकदा तालुक्याहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या. लेकरांना काय येतं ते बघू म्हणाल्या.

"सांगा बरं, ससा कुठं आहे?"

लेकरं एकमेकांना ढोसायला लागली.

"अरे, तक्त्यावर बघा ना. ससा कुठंय?"

एक चिमुरडी उठली. "बकरीनं खाल्ला."

मॅडम हसल्या. "बाळा, बकरी ससा खात नाही."

"खाल्ला! हत्ती बी खाल्ला!"

"व्हय, हत्ती बी खाल्ला!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मॅडमनी मागं वळून पाहिलं. तक्ता खालून अर्धा गायब होता, आणि शेजारी एक शेळी शांतपणे रवंथ करत उभी होती.

मॅडम गेल्यावर बाई मला म्हणाली, "मला आख्खी खोली न्हाई पायजे गं वर्षा. एक भिंत पायजे. बाकीच्या तीन सरकारनं ठिऊन घ्याव्यात."

येत्या दिवाळीला बाई रिटायर होणार. त्याच्या आधी तिला एकदा भिंतीवर तक्ता लावायचाय. आणि गंमत बघा, खोली मंजूर झालेली होती! तांड्याच्याच नावानं. पण जानेवारी संपता संपता कानावर आलं की ती खोली आता गावात बांधणार, पंचायतीच्या मागं. गाव आणि तांडा यांच्यामधे ओढा आहे. तीन वर्षांचं लेकरू रोज ओढा ओलांडून येणार कसं? पण हे विचारायचं कुणाला?

तिथून आम्ही अर्जवाले झालो.

*

पहिला अर्ज मी लिहिला. अर्ज कसला, निबंधच होता! लोकशाही, पारदर्शकता, संविधान, सगळं ठासून भरलं होतं. शेवटच्या ओळीत मुद्द्याचं लिहिलं: 'अंगणवाडीची जागा बदलण्याबाबत ग्रामसभेचा ठराव आपल्या कार्यालयात उपलब्ध आहे काय?'

आमच्या ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. लांबच्या जिल्ह्यातले, एकटेच खोली घेऊन राहतात. त्यांनी अर्ज घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "छान लिहिलंय. चहा घेणार का?"

"माहिती मिळेपर्यंत या ऑफिसचा चहा घ्यायचा नाही असं आमचं ठरलंय," मी ताठ मानेनं सांगितलं.

"ऑफिसचा नाही हो, घरचा आहे. थर्मासमधला," भाऊसाहेब हिरमुसून म्हणाले. तरी मी घेतला नाही.

महिना होत आला तेव्हा उत्तर आलं. रजिस्टर पोस्टानं. लिफाफा, जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मधोमध एकच शब्द:

'आहे.'

मी तर तो फाडायलाच निघाले होते. नामदेवकाकांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"माणूस प्रामाणिक हाय," ते म्हणाले. "जेवढं तिकीट, तेवढाच प्रवास!"

*

मग अपील. अपील पंचायत समितीच्या साहेबांकडं करायचं असतं. तोवर हळदीचा सीझन आला. आमच्याकडं या दिवसात हळद शिजवायची, वाळवायची, तिला पॉलिश करायचं, आणि यात घरातलं माणूस सोडा, घरातलं मांजरसुद्धा पिवळं होतं. अपील लिहिलं ते नामदेवकाकांच्या खळ्यावर, शिजलेली हळद पसरता पसरता. हात कितीही धुतले तरी लिफाफ्याच्या चारही कोपऱ्यांना पिवळे ठसे उमटले.

तालुक्याला गेलो. टपाल घेणाऱ्या बाबूंनी लिफाफा पाहिला आणि एकदम खुलले. "या या! कधीची तारीख आहे?"

नामदेवकाकांना वाटलं, आलेल्या उत्तराची तारीख विचारतायत. "मागल्या महिन्यातली," ते म्हणाले.

"म्हणजे होऊन गेलं? मग आता रिसेप्शन का?"

आम्हाला काही कळेना. पोचपावती द्या म्हटलं तर बाबू म्हणाले, "पत्रिकेची कसली पोच? साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो ना!" आणि ठेवलाही! टेबलावर दहा-बारा लग्नपत्रिका होत्या, सगळ्यांच्या कोपऱ्यांना हळद. त्यांच्यावर आमचं अपील विराजमान झालं.

एरवी अर्ज साहेबांपर्यंत पोचायला किती टेबलं लागतात ते तिथं गेलेल्यालाच विचारावं. आमचा लिफाफा साहेबांनी त्याच दुपारी स्वतःच्या हातानं फोडला, जेवणाचं आमंत्रण समजून. आत अपील बघून आधी ते गोंधळले, मग म्हणे पोट धरून हसले, आणि त्याच आठवड्यात आम्हाला कागदपत्रं बघू द्या असा आदेश निघाला.

तेव्हापासून नामदेवकाका कुठलाही अर्ज टाकायच्या आधी स्वयंपाकघरात जातात. "थांबा म्याडम," मला म्हणतात, "अर्जंट लावून आनतो."

*

कागदपत्रं बघायचा दिवस. पंचायतीच्या ऑफिसात भाऊसाहेबांनी आमच्यासाठी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. मी बसले. नामदेवकाका बसेनात.

"बसा ना काका."

"बसून मला वाचता येत न्हाई."

खरंच येत नाही! सगळी नोकरी वसमतच्या रस्त्यावर उभ्यानं गेली. पाठ खांबाला टेकवायची, पाय फाकवून उभं राहायचं, मग बोट जिभेला लावून पान उलटायचं. तसं उभं राहून ते एकेक ठराव वाचत होते. दाराशी बघ्यांची गर्दी जमली. काकांनी मान वर न करता हुकूम सोडला, "दारात थांबू नका, मधी सरका, मधी जागा हाय!" आणि माणसं खरोखर मधे सरकली. भाऊसाहेबसुद्धा सरकले.

ठराव सापडला. त्यात लपवलेलं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं होतं. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा. पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की मग किती माणसं हजर पाहिजेत याचं बंधन नसतं. त्या दुसऱ्या सभेत मूठभर लोकांनी ठरवलं की तांड्यावर जागा उपलब्ध नाही, म्हणून खोली गावात बांधावी. त्या वेळी तांड्यातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. सभेची नोटीस गेली व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ज्यात तांड्याचं एकही माणूस नाही.

"भाऊसाहेब, हे बरोबर आहे का?" मी विचारलं.

त्यांनी खाली बघून सांगितलं, "नियमात बसतं, वर्षाताई."

संध्याकाळी हे बाईच्या कानावर घातलं. ती भजी तळत होती. झारा हातात तसाच धरून म्हणाली, "नियमात बसतं म्हनं. मंग लेकरं बी तिथंच नेऊन बसवू का?"

*

या सगळ्यात घरी माझं लग्न काढलं होतं. वारंगा फाट्याकडचे पाहुणे आले. मुलाचे काका कुठल्याशा ऑफिसात मोठे क्लार्क. कांदेपोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग काकांनी विचारलं, "मुलगी सध्या काय करते?"

माझे अण्णा खरं सोडून दुसरं बोलू शकत नाहीत. "अर्ज करती," म्हणाले.

"वा! पोलीस भरतीचा?"

"न्हाई. माहितीचा."

काकांच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. "कुणाविरुद्ध?"

"विरुद्ध कुणाच्याच नाही हो," मी म्हटलं, "फक्त विचारते." आईनं मला डोळ्यांनीच दटावलं.

काकांनी घसा साफ केला. "हे बघा, आमची काही हरकत नाही. पण लग्नानंतर हे बंद करावं लागेल."

आता, अण्णा रोज सकाळी मला काय म्हणतात ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. 'काहून करून राहिली गं हे? अर्जानं पोट भरतंय व्हय?' मी मान खाली घालून वाट बघत होते, की अण्णा आता हो म्हणणार.

अण्णांनी पाहुण्यांच्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले. "आरामात खावा," ते म्हणाले, "पन एस्टी पावनेचारला हाय. ती चुकली तर तकलीफ व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. 'काहून करून राहिली गं हे?'

*

ठराव वाचल्यापासून दर सोमवारी एक नवा अर्ज टाकायचा सपाटा मी लावला होता, तेवढ्यात एप्रिलच्या उन्हात मला टायफॉइड झाला. पंधरा दिवस अंथरुणात. एक दिवस दारात कोण उभं, तर भाऊसाहेब! हातात मोसंब्यांची पिशवी.

आईला वाटलं, नोटीस घेऊनच आले. ती दारातून हलेना.

"दोन सोमवार झाले, वर्षाताईंचा अर्ज आला नाही," भाऊसाहेब चपला काढत म्हणाले. "म्हटलं, तब्येत तर बरी आहे ना?"

बराच वेळ बसले. त्यांच्या मुलीचं बोलले, ती माझ्याच वयाची, गावाकडं कॉलेजात आहे, दर रविवारी फोन करते. जाताना दारात घुटमळले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. तांड्यावर दवंडी द्यायला मी स्वतः माणूस पाठवतोय. ऊसतोडीची माणसं परत आलीत ना?"

"आलीत."

"बरं. मोसंब्या खा."

त्यांचा थर्मास सायकलला लटकवलेला होता. मी आईला म्हटलं, "दोन कप आण." तो चहा अतिशय गोड होता. इतका गोड चहा पिणारा माणूस ठराव इतके कोरडे कसे लिहितो, देव जाणे!

*

आमच्या सरपंच कावेरीबाई. पण गावात 'सरपंच आले का' असं कुणी विचारलं तर ते त्यांच्या नवऱ्याबद्दल असतं, बालाजीदादांबद्दल. सभेत तेच बोलतात, फोन तेच घेतात, खोली गावात आणायची कल्पनाही त्यांचीच. पंचायतीच्या मागं त्यांच्या घराचा रस्ता आहे, खोली झाली की रस्ता पक्का होतो. कावेरीबाई शेजारी पदर सावरून बसतात आणि दादा बोट ठेवतील तिथं सही करतात.

सभेच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. दादा नव्हते. त्या कणीक मळत होत्या. मी काही मागायच्या आधीच त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "वर्षा, तू लई शिकलीस. माझ्या सहीनं काय काय व्हतं गं?"

मी सांगत गेले. रस्ता, नळ, दिवाबत्ती, शाळेची डागडुजी, अंगणवाडीची जागा. त्या मळायच्या थांबल्या.

"अन् माझ्या सहीबिगर?"

"काहीच नाही होत, काकू."

कावेरीबाई कितीतरी वेळ आपल्या कणकेनं भरलेल्या हाताकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हेनला सांगू नको."

*

आणि आता ती सभा.

पंचायतीसमोरचं पटांगण गच्च भरलं होतं. अख्खा तांडा आला होता, बायका कडेवर लेकरं घेऊन. गोविंद नायक उठले आणि म्हणाले, "जागा न्हाई म्हून लिवलंय ना? माझे बैल बांधतो ती जागा घ्या. बैल मी दुसरीकडं बांधतो."

झालं! बालाजीदादांच्या बाजूची पोरं उठली.

"आता कुठून आली जागा?"

"ठराव झालाय बराबर, आता बदलत न्हाई!"

"तवा आमी न्हवतो!" तांड्याकडून आवाज आला.

"मंग कोनी म्हनलं व्हतं जायला?"

यावर जो गलका उठला! भाऊसाहेब टेबल वाजवून "शांतता, शांतता" म्हणत होते, त्यांचं त्यांनाही ऐकू जात नव्हतं. कडेवरची लेकरं रडायला लागली. बालाजीदादा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पुढं आले, हात उंचावून म्हणाले, "अशा गोंधळात कामकाज व्हनार न्हाई! मी म्हनतो, सभा तहकूब करा!"

नामदेवकाकांनी माझा दंड धरला. "गेली म्याडम. तहकूब झाली की पुन्हा मूठभर बसतील, अन् खोली गावात." मला ओरडायचं होतं, पण टायफॉइडनं आवाजच गेला होता. घोगरी हवा नुसती बाहेर पडली.

आणि आमच्या मागून शेवंताबाई उठली. अर्जावर सही न करणारी, सभेत तोंड न उघडणारी. साडीचा पदर खोचला, माणसांतून वाट काढत टेबलापाशी गेली. दोन टाळ्या वाजवल्या. आणि पत्र्याच्या सपरात शेळ्यांच्या वर चढून जाणारा तो आवाज काढला:

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

पटांगण गार!

तांड्यावर बदली व्हायच्या आधी बाईनं कितीतरी वर्षं गावातली अंगणवाडी चालवली होती. गलका करणारी पोरं, पोरं कसली, मिशा आलेले बाप्ये, झाडून सगळे तिच्याच सतरंजीवरून उठून गेलेले. एकेकाचा डावा हात छातीवर, उजव्याचं बोट ओठांवर. दोघंतिघं तर चक्क मांडी घालून खाली बसले. बालाजीदादांचं वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून ते बाईकडं बघत उभे.

बाईनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, कुणाचं नाक पुसायचं राहिलंय का बघावं तशी. मग टेबलाकडं वळून एकदम नरम आवाजात म्हणाली, "आता सरपंचबाई बोलतील."

कावेरीबाई या गावात सून म्हणून आलेल्या. बाईच्या सतरंजीवर त्या कधी बसलेल्या नव्हत्या.

त्या उठल्या. नवऱ्याकडं पाहिलं. नवरा बाईकडं बघत होता.

"खोली तांड्यावर व्हईल," कावेरीबाई म्हणाल्या. "नायककाकानं दिलेल्या जाग्यावर. ज्याला पटतंय त्यानं हात वर करावा."

तांड्याचे हात वर गेले. मग गावातल्या बायकांचे. मग मागून, पुढून, एकेक करत. भाऊसाहेब उभे राहून मोजायला लागले आणि अर्ध्यातच मोजणं सोडून हसायला लागले.

"भाऊसाहेब, लिवा," कावेरीबाई म्हणाल्या. "अन् सही कुठं करायची ते दाखवा. मला."

नामदेवकाका मला कोपरानं ढोसत होते. "म्याडम, तिकडं बघा. तिकडं."

मी पाहिलं. बालाजीदादांनी डावा हात वर केला होता. उजव्या हाताचं बोट अजून तोंडावरच होतं.